सनस्क्रीनमधले नॅनो कण : खानदेशच्या उन्हात काय लावायचं, काय टाळायचं?

तापीकाठची (भुसावळ)

"नॅनोवालं सनस्क्रीन लावू नका, कण कातडीतून रक्तात जातात, युरोपने तर बंदीच घातली." हा निरोप गेल्या महिन्याभरात माझ्याकडे तीन-चार ग्रुपांवरून आला. मी औषधनिर्माणशास्त्र शिकले आहे आणि मेडिकलच्या काउंटरवर उभी असते. लोक हा निरोप दाखवून ट्यूब परत करायला येतात. त्यात कोड असलेली एक मुलगीही होती. कोडाच्या डागात रंगद्रव्यच नसतं, तिथली कातडी उन्हात लगेच भाजते. अशा मुलीने भीतीने सनस्क्रीन सोडणं मला बघवत नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

सनस्क्रीनमध्ये दोन खनिजं वापरतात, झिंक ऑक्साइड आणि टायटॅनियम डायऑक्साइड. झिंक म्हणजे आपलं जस्त. कॅलामाइन लोशनमध्ये आणि बाळाच्या लंगोटाच्या पुरळावर लावायच्या मलमात हेच झिंक ऑक्साइड असतं. टायटॅनियम येतं इल्मेनाइटसारख्या खनिजांपासून. आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूतही इल्मेनाइट आहे. घराच्या भिंतीला देतो त्या पांढऱ्या रंगातही हाच टायटॅनियम डायऑक्साइड असतो.

भिंतीच्या रंगातला कण साधारण २०० ते ३०० नॅनोमीटरचा. एक मिलीमीटर म्हणजे दहा लाख नॅनोमीटर, यावरून अंदाज करा. एवढ्या आकाराचा कण डोळ्यांना दिसणारा प्रकाश विखुरतो, म्हणून पांढरा दिसतो. तोच चेहऱ्यावर लावला की आपल्या सावळ्या-गव्हाळ रंगावर राखेसारखी छटा येते. पूर्वीची खनिज सनस्क्रीन त्यामुळेच कपाटात पडून राहायची. कण १०० नॅनोमीटरच्या खाली नेला की दिसणारा प्रकाश आरपार जातो आणि अतिनील किरण मात्र अडतात. क्रीम पारदर्शक दिसतं, माणूस ते रोज लावतो. नॅनो कण सनस्क्रीनमध्ये आले ते मुख्यतः यासाठी.

आता रक्तात जाण्याचं. आपल्या कातडीचा सर्वांत वरचा थर मेलेल्या पेशींचा असतो, जाडी सुमारे १० ते २० मायक्रॉन, म्हणजे दहा-वीस हजार नॅनोमीटर. शिवाय क्रीममधले कण सुटे राहत नाहीत, एकमेकांना चिकटून त्यांचे पुंजके होतात. धडधाकट कातडीवरच्या बहुतेक अभ्यासांत हे कण या वरच्या थरातच अडकलेले सापडले. ऑस्ट्रेलियात मॅक्वारी विद्यापीठाच्या संशोधकांनी फार हुशारीने एक प्रयोग केला, तो २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी जस्ताचा एक विशिष्ट समस्थानिक (जस्तच, फक्त अणूचं वजन वेगळं), झिंक-६८, वापरून सनस्क्रीन बनवलं आणि २० जणांना समुद्रकिनाऱ्यावर पाच दिवस लावायला दिलं. जेवणातलं जस्त आणि क्रीममधलं जस्त वेगळं ओळखता यावं म्हणून ही युक्ती. रक्तात क्रीममधलं जस्त सापडलं, पण ते रक्तात आधीपासून असलेल्या जस्ताच्या हजाराव्या भागाइतकं. ते कणाच्या रूपात गेलं की विरघळून आयनच्या (विद्युतभारित अणूच्या) रूपात, हे त्या प्रयोगातून सांगता आलं नाही. आपल्याला जेवणातून रोज दहा-पंधरा मिलीग्रॅम जस्त लागतंच. त्यामुळे मला या आकड्याची भीती वाटत नाही.

युरोपची बंदी? सनस्क्रीनवर नाही. तिथे क्रीम-लोशनमध्ये नॅनो झिंक ऑक्साइड आणि नॅनो टायटॅनियम डायऑक्साइड, दोन्ही २५ टक्क्यांपर्यंत चालतात. २०१३ पासून घटकांच्या यादीत नावापुढे 'नॅनो' असं छापावं लागतं. बंदी आहे ती श्वासातून फुप्फुसात जाईल अशा वापरावर. माझं सगळं म्हणणं याच एका भेदावर उभं आहे : क्रीम असेल तर निर्धास्त लावा, हवेत उडणारा फवारा किंवा सुटी पूड असेल तर दूर राहा. कातडीला मेलेल्या पेशींचं कवच आहे, फुप्फुसाच्या आतल्या नाजूक पडद्याला ते नाही.

---

केळीवाला_रावेर

ताई, फार छान लिहिलंत. आमच्याकडे नॅनो म्हटलं की नॅनो युरियाची बाटली डोळ्यासमोर येते. ते पानातून आत जावं म्हणूनच बारीक केलेलं असतं, असं कंपनीवाले सांगतात. मग इथे बारीक कण आत जात नाही हे कसं?

दुसरं, आमचे एक पाहुणे डाळिंबावर उन्हाळ्यात केओलिन (पांढरी चिकणमाती) फवारतात, फळ करपू नये म्हणून. झाड पांढरंफटक होतं. सनस्क्रीन म्हणजे माणसाचं केओलिनच ना?

---

तापीकाठची

भाऊ, पानाला पर्णरंध्रं असतात आणि युरिया पाण्यात विरघळतो. टायटॅनियम डायऑक्साइड पाण्यात विरघळत नाही आणि माणसाच्या कातडीचा वरचा थर तेलकट, घट्ट असतो. शब्द एकच असला तरी पदार्थ आणि रस्ता दोन्ही वेगळे. जखम, भाजलेली जागा, खरजेने सोललेली कातडी इथे मात्र मी कुठलंच सनस्क्रीन लावायला सांगत नाही. तिथे कवचच फाटलेलं असतं.

केओलिनचं सर जास्त चांगलं सांगतील. @रसायन_जळगाव, आहात का?

---

रसायन_जळगाव

आहे. केळीवालाभाऊंनी नकळत एका मोठ्या गैरसमजावर बोट ठेवलंय. खनिज सनस्क्रीन आरशासारखं ऊन परतवतं असं डब्यांवर, जाहिरातींत, अगदी काही पुस्तकांतही लिहिलेलं असतं. केओलिन मुख्यतः तेच करतं, ऊन परतवतं, म्हणून पान थंड राहतं. पण झिंक ऑक्साइड आणि टायटॅनियम डायऑक्साइड हे अर्धवाहक (सेमीकंडक्टर) आहेत. अतिनील किरणाची ऊर्जा त्यांच्यातले इलेक्ट्रॉन शोषून घेतात आणि ती बहुतांशी उष्णता होऊन निघून जाते. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोजणीत दिसलं की अतिनील पट्ट्यात या खनिजांचं परावर्तन जेमतेम ४ ते ५ टक्के भरतं. बाकी काम शोषणाचं. 'केमिकल' सनस्क्रीन शोषतं आणि 'फिजिकल', म्हणजे खनिजाचं, परतवतं ही विभागणी म्हणूनच खरी नाही.

शोषलेल्या ऊर्जेची एक जोखीम आहे, आणि नॅनोबद्दल काळजी करायचीच असेल तर ती इथे करावी. टायटॅनियम डायऑक्साइडचे स्फटिक दोन प्रकारचे वापरात असतात, अ‍ॅनाटेज आणि रुटाइल. अ‍ॅनाटेजवर ऊन पडलं की त्याच्या पृष्ठभागावर पाणी आणि ऑक्सिजनपासून मुक्त मूलकं तयार होतात, म्हणजे आजूबाजूच्या रेणूंची मोडतोड करणारे तुकडे. कण जितका बारीक तितकं एकूण पृष्ठफळ जास्त, म्हणून ही क्रियाही जास्त.

याचा ठसठशीत पुरावा ऑस्ट्रेलियातल्या घरांच्या छपरांवर मिळाला. रंगीत पोलादी पत्रे बसवणाऱ्या कामगारांच्या हाताला सनस्क्रीन लागलेलं होतं. जिथे बोटं टेकली तिथला रंग काही काळाने उडाला, पत्र्यावर पंजे उमटले. २००८ मध्ये या प्रकाराचा अभ्यास प्रसिद्ध झाला. अ‍ॅनाटेज असलेल्या काही सनस्क्रीनखाली रंगाची झीज नेहमीच्या शंभर पटीपर्यंत वेगाने झाली होती.

यावर उपाय आहे आणि तो चांगल्या उत्पादनात वापरतातच. रुटाइल स्फटिक घ्यायचा आणि प्रत्येक कणावर सिलिका, अ‍ॅल्युमिना किंवा सिलिकॉनचा पातळ लेप चढवायचा. लेप असला की मूलकं तयार होणं खूपच कमी होतं. घटकांच्या यादीत टायटॅनियम डायऑक्साइडच्या जवळपास सिलिका, अ‍ॅल्युमिना, स्टिअरिक अ‍ॅसिड, डायमेथिकोन अशी नावं दिसली तर लेप असण्याची शक्यता असते. खात्री मात्र कंपनीने स्पष्ट छापलं तरच. आपल्याकडे हे छापलेलं फार क्वचित दिसतं. ग्राहकाने मागावं असं मला मनापासून वाटतं.

---

शंका_निरसन_हवे

तापीकाठची, सगळं मान्य. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने टायटॅनियम डायऑक्साइडला कर्करोगकारक यादीत टाकलंय, हे खोटं नाही. आणि युरोपने २०२२ मध्ये ते खाण्यातून बंद केलं हेही खोटं नाही. खाण्यात वाईट ते तोंडाला लावण्यात चांगलं कसं?

---

तापीकाठची

दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि तुम्ही विचारलंत ते बरं झालं, कारण निरोपात त्या अर्ध्याच येतात.

त्या कर्करोग संस्थेने, म्हणजे आयएआरसीने, त्याला '२ब' गटात ठेवलंय, म्हणजे 'कदाचित कर्करोगकारक'. त्याचा आधार होता उंदरांना श्वासातून खूप मोठ्या प्रमाणात धूळ दिल्यावर झालेल्या फुप्फुसाच्या गाठी. कातडीवर लावण्याचा तो पुरावा नव्हे. म्हणूनच मी वर फवारा आणि पूड टाळा म्हटलं.

खाण्यातला टायटॅनियम डायऑक्साइड (ई१७१) हा रंग म्हणून घातला जाई, गोळ्या-मिठायांना पांढरेपणा यावा म्हणून. त्यामुळे जनुकांना इजा होणार नाही याची खात्री देता येत नाही, असं युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने म्हटलं आणि बंदी आली. पोटातला रस्ता वेगळा, आतड्याचं अस्तर शोषण्यासाठीच असतं. लिपस्टिक आणि ओठांच्या बामबद्दल तुमची शंका मला रास्त वाटते, ओठावरचं थोडं पोटात जातंच.

आणखी एक सांगते. अमेरिकेच्या एफडीएने (औषध नियामक संस्थेने) २०१९ च्या प्रस्तावात सनस्क्रीनचे १६ घटक तपासले. 'सुरक्षित आणि परिणामकारक' म्हणता येतील असे त्यांना दोनच वाटले, झिंक ऑक्साइड आणि टायटॅनियम डायऑक्साइड. बाराबद्दल माहिती अपुरी आणि दोन वापरू नयेत असं म्हटलं. माहिती अपुरी म्हणजे घातक नव्हे, पण ज्या दोन खनिजांची भीती घातली जातेय तीच त्या यादीत सर्वांत पुढे आहेत.

---

कानबाई_धुळे

भाऊ-ताईसहोन, तुमनं सगळं खरं शे. पन शेतमा जानारी बाईले इतलं महाग कोन ली दी?

आमच्याकडे बाया कापूस वेचायला सकाळी जातात, दुपारी उन्हात बसून भाकर खातात. साडीवर जुना फुलशर्ट, डोक्याला रुमाल, हीच त्यांची क्रीम. पाचशे रुपयांची ट्यूब त्यांच्या दोन दिवसांच्या मजुरीत जाते. हा धागा त्यांच्या कामाचा आहे का?

---

तापीकाठची

अक्का, आहे, आणि तुमचा मुद्दा सगळ्यांच्या वर ठेवायला हवा. ट्यूबवरचा एसपीएफ (उन्हापासून संरक्षणाचा आकडा) मोजतात तो दर चौरस सेंटीमीटर कातडीला २ मिलीग्रॅम क्रीम लावून. चेहरा आणि मान मिळून साधारण दोन बोटं भरून पट्टी लागते. दोन तासांनी, घाम आला तर त्याआधीच, पुन्हा लावायचं. असं खरोखर लावलं तर ५० ग्रॅमची ट्यूब महिनाभरही पुरत नाही. मटाराएवढा थेंब लावून ५० चा आकडा मिळत नाही, त्याचा लहानसा हिस्सा मिळतो. शिवाय एसपीएफ ३० सुमारे ९७ टक्के यूव्हीबी (कातडी भाजणारे अतिनील किरण) अडवतं आणि ५० सुमारे ९८ टक्के. भरपूर लावलेलं ३० चं क्रीम कंजुषीने लावलेल्या ५० पेक्षा केव्हाही उत्तम.

शेतात काम करणाऱ्या बाईसाठी मी ट्यूब सुचवणारच नाही. तो फुलशर्ट आणि रुमाल हेच पहिलं संरक्षण, आणि ते उत्तम आहे. फक्त कापड घट्ट विणीचं, गडद रंगाचं असावं. पातळ पांढऱ्या सुती कापडातून बरेच किरण पार होतात, घामाने ओलं झालं की आणखी. कपाळ-गालावर सावली पडेल अशी रुंद काठाची टोपी मिळाली तर सोन्याहून पिवळं.

आणि हे सगळ्यांसाठी : सनस्क्रीनने ऊन लागायचं थांबत नाही. उष्माघात होतो तो शरीर तापल्याने, काळवंडणं आणि भाजणं होतं ते अतिनील किरणांनी. क्रीम फासून भर दुपारी निघालेला माणूस पाणी प्यायला नाही तर चक्कर येऊन पडणारच.

---

रसायन_जळगाव

यालाच जोडून. लोक तापमान बघून सनस्क्रीन लावतात, ४५ अंश दिसलं की लावायचं, पाऊस पडला की बंद. अतिनील किरणं सूर्य किती वर आहे त्यावर ठरतात. जळगाव-भुसावळ २१ अक्षांशाच्या आसपास आहेत, म्हणजे मेच्या शेवटच्या आठवड्यात आणि पुन्हा जुलैच्या मध्यानंतर भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो. जुलैत ढग असतात, हवा गार असते, पण विरळ ढगांतून बरेच किरण खाली येतात. सोपी खूण : आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तर किरणं जोरात आहेत.

---

सातपुडा_सावली (चोपडा)

माझा प्रश्न वांगाचा. दुसऱ्या बाळंतपणानंतर गालांवर आले. दोन वर्षं नॅनोवालं पारदर्शक सनस्क्रीन नियमाने लावते, ऊन टाळते, तरी पूर्ण जात नाहीत. क्रीम खोटं आहे की काय?

---

तापीकाठची

ताई, क्रीम खोटं नसावं. वांगावर दिसणाऱ्या प्रकाशाचाही परिणाम होतो, विशेषतः निळ्या-जांभळ्या भागाचा, आणि आपल्यासारख्या कातडीवर तो जास्त दिसतो. नॅनो कण पारदर्शक असतात याचा अर्थच हा की दिसणारा प्रकाश ते जाऊ देतात. इथे नॅनोचा गुणच त्याची उणीव ठरतो.

तुम्हाला लागेल आयर्न ऑक्साइड घातलेलं, किंचित तपकिरी रंगाचं 'टिंटेड' सनस्क्रीन. आयर्न ऑक्साइड म्हणजे गेरूतलं लोहच. ते दिसणारा प्रकाश अडवतं आणि राखेची छटाही झाकतं. घटकांत 'आयर्न ऑक्साइड' किंवा सीआय ७७४९१, ७७४९२, ७७४९९ असे आकडे असतात. वांगाचं औषध मात्र त्वचारोगतज्ज्ञांकडूनच घ्या. मेडिकलमधून स्टेरॉइडची मलमं मनाने घेऊन चेहरा बिघडवून आलेल्या बाया मी बघते.

---

गावशिवार_शहादा

माझ्या वडिलांना गाजरगवताची अ‍ॅलर्जी आहे. मान, पापण्या, कोपराची घडी, सगळं जाड आणि काळं झालंय, उन्हात गेले की आग होते. एकदा सुगंधी सनस्क्रीन लावलं तर जास्तच चिघळलं. त्यांना खनिजाचं चालेल का?

---

तापीकाठची

दादा, गाजरगवताच्या त्रासात पुढे पुढे उन्हाचीही अ‍ॅलर्जी जडू शकते. खनिज कणांची अ‍ॅलर्जी फारच क्वचित होते, रासायनिक फिल्टर (किरण शोषणारी, खनिज नसलेली रसायनं) आणि सुगंध यांची मात्र होते. म्हणून फक्त झिंक ऑक्साइड-टायटॅनियम असलेलं, बिनवासाचं क्रीम त्यांना मानवण्याची शक्यता जास्त. पण आधी चिघळलेली कातडी डॉक्टरांच्या औषधाने बरी होऊ द्या, मग कोपराजवळ थोडं लावून दोन-तीन दिवस बघा. आणि गवत उपटायचं काम त्यांच्याकडून पूर्ण काढून घ्या.

---

नवी_आई_अमळनेर

ऑनलाइन नॅनो झिंक ऑक्साइडची पूड मिळते. खोबरेल तेल आणि कोरफडीत कालवून घरीच सनस्क्रीन करायचा व्हिडिओ पाहिला. बाळ पाच महिन्यांचं आहे, त्यालाही चालेल असं म्हणतात.

---

रसायन_जळगाव

ताई, कृपा करून करू नका. सुटी पूड कालवताना उडते आणि तुमच्या-बाळाच्या श्वासात जाते. पुडीवर लेप आहे की नाही कळत नाही. घरच्या चमच्याने कालवलेल्या कणांच्या गुठळ्या राहतात, म्हणजे क्रीम लावूनही मधे मधे कातडी उघडीच. एसपीएफ किती हे कुणी मोजलेलं नाही.

बाजारातल्या दुसऱ्या सनस्क्रीनमध्ये ती पूड किंवा झिंकचं मलम मिसळणंही नको. ओरेगॉन आणि लीड्सच्या संशोधकांनी २०२१ मध्ये दाखवलं की काही रासायनिक फिल्टरांच्या मिश्रणात झिंक ऑक्साइड घालून दोन तास अतिनील किरणांत ठेवलं तर यूव्हीए (कातडीत खोल जाणारे अतिनील किरण) पासूनचं संरक्षण ८० टक्क्यांहून अधिक घटतं. झिंक नसताना घट होती १६ टक्क्यांच्या आसपास. साधं झिंक आणि नॅनो झिंक, दोन्हींनी तेच केलं.

---

तापीकाठची

सरांच्या शब्दाशब्दाला माझं अनुमोदन. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला सनस्क्रीन नकोच. सावली, अंगभर सुती झबलं, टोपडं आणि दुपारी घरात, एवढं पुरे. सहा महिन्यांनंतर उघड्या जागी खनिजाचं क्रीम लावता येतं.

---

केळीवाला_रावेर

आमच्या पोराने फवाऱ्याची बाटली आणलीय, आता फेकायची का? आणि हे सगळं धुऊन शेवटी तापीतच जाणार, त्याचं काय?

---

तापीकाठची

फेकू नका भाऊ. उघड्या अंगणात, वाऱ्याकडे पाठ करून, तळहाताजवळ धरून थोडं फवारा आणि मग चोळून लावा. चेहऱ्यावर थेट नाही, बंद खोलीत नाही, गाडीत तर नाहीच. दम्याचा त्रास असेल त्याने जवळ थांबू नये. संपली की पुढची क्रीमची ट्यूब घ्या.

नदीचा प्रश्न मला खरोखर छळतो. टायटॅनियमचे कण सांडपाणी प्रकल्पात बहुतांश गाळात बसतात, म्हणजे जिथे प्रकल्प आहे तिथे. झिंक ऑक्साइड पाण्यात हळूहळू विरघळतं आणि जास्त झालं तर शेवाळ व लहान जलचरांना मारतं. 'रीफ सेफ' (समुद्रातल्या प्रवाळांना सुरक्षित) छापलेलं आहे म्हणून नदीला चालतं असं समजू नये. तो शिक्का हवाईने २०१८ च्या कायद्याने ऑक्सीबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट ही रसायनं असलेल्या सनस्क्रीनच्या विक्रीला मनाई केली त्यानंतर जोरात पसरला, त्याची पक्की व्याख्या नाही. जिथे कापड पुरतं तिथे कापड वापरावं, हे नदीच्या बाजूनेही खरं आहे. पोहायला जाताना पोरांना पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा शर्ट घाला, क्रीम फक्त चेहरा आणि हातापायांच्या उघड्या भागाला.

धुळे-नंदुरबारकडचे मेडिकलवाले इथे असतील तर आयर्न ऑक्साइडवाली, बिनवासाची, तीनशे रुपयांच्या आतली कुठली ट्यूब तुमच्याकडे मिळते ते लिहा. सातपुडा_सावली ताईंना आणि शहाद्याच्या दादांना तीच शोधायची आहे.